मान्यतेचा प्रश्न

जनगणनेच्या दफ्तरी बोरगाव मेघे हे शहर आहे आणि कारभाराच्या दफ्तरी ग्रामपंचायतीचे गाव. २०११च्या जनगणनेने त्याची नोंद ‘जनगणना शहर’ अशी केली. त्यासाठी तीन अटी असतात : वस्ती किमान पाच हजार, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसे, आणि मुख्य कामकरी पुरुषांपैकी निदान पंचाहत्तर टक्के शेतीबाहेरच्या धंद्यात. (बायका काय काम करतात हे ही व्याख्या विचारतच नाही. त्याबद्दल पुढे.) म्हणजे वर्धा शहराला चिकटलेल्या या गावातल्या दर चार कामकरी पुरुषांपैकी तिघांचे पोट सातबाऱ्यावर नाही. ते पगारावर, रोजीवर किंवा लहानसहान धंद्यावर आहे. पण हे गिरणीच्या भोंग्यावर उठणारे गाव नव्हे. इथला माणूस कामाला जातो तो दवाखान्यात, शाळा-कॉलेजात, दुकानात, बांधकामावर, गोदामात, एखाद्या बँकेच्या दारावर पहारेकरी म्हणून, नाहीतर मोटारसायकलवर पार्सलची पिशवी बांधून.

आपल्याकडचा कामगार कायदा मात्र भोंगा ऐकून फाटकातून आत जाणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला. त्याच्या पायाशी असलेली कल्पना अशी की मालक एक असतो, जागा एक असते, हजेरीपट एक असतो आणि भांडायचे झाले तर फाटकावर जमता येते. शंभर वर्षांनी हा कायदा मुळापासून बदलतो आहे. या बदलाबद्दल जे काही लिहिले गेले ते बहुतेक दिल्ली-मुंबईकडे तोंड करून लिहिलेले आहे. बोरगाव मेघेच्या वाचकासमोर बसून लिहिलेले हे पुस्तक म्हणूनच मला वेगळे वाटते. या क्षेत्राची ज्याला काहीच ओळख नाही अशा वाचकाला आत शिरण्याआधी थोडी वाट दाखवावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

आधी काय बदलले ते पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणल्या. वेतनाची संहिता २०१९ची. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागेची सुरक्षितता व आरोग्य या तीन संहिता सप्टेंबर २०२०मध्ये, विरोधकांच्या बहिष्कारात, एकामागून एक संमत झालेल्या. एकूण २९ केंद्रीय कायदे त्यांत विरघळले. १९२६चा ट्रेड युनियन कायदा, १९४७चा औद्योगिक विवाद कायदा, १९४८चे कारखाने आणि किमान वेतन कायदे, १९६६चा विडी कामगारांचा, १९७०चा कंत्राटी कामगारांचा : कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात ज्यांची नावे तोंडपाठ असत ते सगळे गेले. कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्याने नियम करण्याचा आणि फेरफार करण्याचा मोठा अधिकार राज्यांकडे आहे. त्यामुळे संहिता एक असली तरी वर्ध्यात ती जशी लागेल तशीच रायपुरात लागेल असे नाही.

या बदलांवर दोन गाणी ठरलेली आहेत. एक म्हणते, कामगारांचे सगळे हक्क गेले. दुसरे म्हणते, इंग्रजांच्या जमान्यातले जोखड उतरले. दोन्ही गाणारे बहुधा तीच कलमे वाचतात. या गदारोळातून वाट काढायची तर एक प्रश्न हातात धरून ठेवावा, असे मी सुचवीन. कामगारांनी एकत्र येऊन युनियन केली, तर मालकाने तिच्याशी बोललेच पाहिजे का? या एका प्रश्नाच्या उत्तरात आपल्या कामगार कायद्याचा बहुतेक इतिहास मावतो. त्याला कायद्याच्या भाषेत मान्यता म्हणतात.

सुरुवात कायद्याच्याही आधीची आहे. वर्ध्यापासून पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपुरात १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि त्याच वर्षी तिथे मजुरीच्या दरावरून संप झाला. देशात नोंदल्या गेलेल्या सुरुवातीच्या संपांत तो मोडतो. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक संपादकाने गिरणीकामगारांना एकत्र केले आणि १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवली. त्यांची संघटना कुठल्या कायद्याखाली नोंदलेली नव्हती, कारण तसा कायदाच नव्हता. हिंगणघाट आणि पुलगावलाही त्याच सुमारास कापसाच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि वर्धा जिल्ह्यात पहिल्यांदा असा माणूस दिसू लागला की ज्याची वेळ पावसावर नव्हे, घड्याळावर चालत होती.

कायदा आला तो एका खटल्यामुळे. मद्रासमध्ये बी. पी. वाडिया यांनी १९१८ साली कामगार संघटना काढली. बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या मालकांनी हायकोर्टात जाऊन वाडियांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. कामगारांना संपाला उद्युक्त करणे म्हणजे नोकरीचा करार मोडायला चिथावणे, असा तो मुद्दा होता. युनियन चालवणे हाच गुन्हा ठरू शकतो हे उघड झाल्यावर ना. म. जोशी यांनी १९२१ साली केंद्रीय विधिमंडळात ठराव मांडला आणि पाच वर्षांनी ट्रेड युनियन कायदा झाला. सात माणसांनी अर्ज केला की युनियनची नोंदणी. नोंदलेल्या युनियनवर कट रचल्याचा खटला चालणार नाही, संपामुळे धंद्याचे नुकसान झाले म्हणून दिवाणी दावाही चालणार नाही. हे मोठेच संरक्षण होते. मात्र त्या कायद्यात मालकावर बोलण्याचे बंधन घालणारे एक अक्षर नव्हते. युनियन जिवंत राहू शकत होती, पण तिला दारात उभे करायचे की नाही हे मालकाच्या मर्जीवर. अमेरिकेत १९३५च्या वॅग्नर कायद्याने मालकाला वाटाघाटी सक्तीच्या केल्या. आपल्याकडे ती सक्ती पुढची नव्वद वर्षे या ना त्या कारणाने टळत राहिली.

ती टळण्याची कथा या विषयाचा गाभा आहे, म्हणून तिथे थोडे थांबतो. पहिला मोठा प्रयोग १९३८चा. मुंबई प्रांतात बाळ गंगाधर खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. त्याने औद्योगिक विवादांचे जे विधेयक आणले त्यात काही युनियनना दर्जा मिळणार होता, पण आधी समेटाच्या पायऱ्या चढल्याशिवाय संप केला तर तो बेकायदा ठरणार होता. स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधानसभेत या विधेयकावर तुटून पडले. संपाचा हक्क काढून घेतला तर कामगाराच्या स्वातंत्र्यात काय उरते, हा त्यांचा रोख. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचा पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र रस्त्यावर उतरले आणि मुंबईत एक दिवसाचा संप झाला. विधेयक तरीही मंजूर झाले. संपाच्या आधी नोटीस आणि समेट, ही आजच्या संहितेतली साखळी ज्यांना अगदी नवी वाटते त्यांनी ते वर्ष जरूर चाळावे.

पाच वर्षांनी तेच आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४३ साली त्यांनी ट्रेड युनियन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. गाभा एवढाच की ठरावीक कसोट्यांना उतरणाऱ्या युनियनला मालकाने सक्तीने मान्यता द्यावी. त्या धर्तीची दुरुस्ती १९४७ साली मंजूर झाली, कायद्याच्या पुस्तकात छापलीही गेली. अमलात मात्र ती कधीच आणली गेली नाही. स्वातंत्र्यानंतर इतकी सरकारे आली, इतके कामगारमंत्री झाले. ती अधिसूचना काही निघाली नाही. मला या क्षेत्रातली ही सर्वांत बोलकी घटना वाटते आणि पाठ्यपुस्तकांत तिला जेमतेम एक ओळ मिळते.

इथे वर्ध्याच्या वाचकाला विचारांच्या परंपरांची ओळख करून देणे सोपे आहे, कारण त्यांतल्या बहुतेक त्याच्या घराभोवतीच रुजल्या. गांधीजींनी अहमदाबादेत १९१८च्या गिरणीसंपातून जी पद्धत घडवली ती लवादाची. मालक विश्वस्त, कामगार भागीदार, आणि भांडण झालेच तर पंचांपुढे. मजूर महाजन ही संघटना तिच्यातून निघाली. गांधीजी १९३४ला वर्ध्यात आले, १९३६ला शेगावात म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहू लागले, पण कामगार चळवळीवरचा त्यांचा ठसा उमटला तो अहमदाबादच्या वाटेने. मजूर महाजनात तयार झालेले गुलझारीलाल नंदा मुंबईचे कामगारमंत्री झाले आणि १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा त्यांच्या हातून घडला. १९४७ची इंटक ही कामगार संघटना याच परंपरेतली.

दुसरी परंपरा लाल बावट्याची. आयटक ही देशातली पहिली मध्यवर्ती संघटना ३१ ऑक्टोबर १९२०ला मुंबईत लाला लजपत राय यांच्या अध्यक्षतेखाली जन्मली, आणि १९२८च्या गिरणीसंपाने गिरणी कामगार युनियनला घरोघरी पोचवले. या परंपरेला लवाद म्हणजे संपाची धार बोथट करण्याची युक्ती वाटत आली. नागपुरात रा. स. रुईकर यांनी गिरणीकामगारांना बांधले आणि १९३०च्या दशकात ते आयटकचे अध्यक्षही झाले, पण ते कम्युनिस्ट नव्हते. विदर्भातला लाल रंग मुंबईइतका एकसारखा कधीच नव्हता.

तिसरी परंपरा आंबेडकरी. ती पहिल्या दोघींनाही एक प्रश्न विचारते, तो म्हणजे कापड खात्यात दलिताला माग का मिळत नाही? कामठीचे बाबू हरदास हे या परंपरेतले आपल्या भागातले ठळक नाव. ‘जय भीम’ या अभिवादनाशी त्यांचे नाव जोडले गेले हे बहुतेकांना माहीत असते. त्यांनी विडी कामगारांना संघटित केले, हे कमी जणांना ठाऊक असते. विडी घरात वळली जाते, बायका वळतात, पाने आणि तंबाखू ठेकेदार देतो. फाटकाबाहेरच्या कामगाराची संघटना कशी बांधावी याचा तो विदर्भातला पहिला धडा होता आणि बोरगाव मेघेला आज नेमकी त्याचीच गरज आहे.

आणि चौथी भारतीय मजदूर संघाची. तिचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी याच जिल्ह्यातले, आर्वीचे. जन्म १० नोव्हेंबर १९२०, म्हणजे आयटकच्या स्थापनेनंतर दहाच दिवसांनी! २३ जुलै १९५५ला भोपाळमध्ये त्यांनी मजदूर संघ काढला. वर्गसंघर्षाऐवजी उद्योग-कुटुंबाची भाषा, एक मे ऐवजी विश्वकर्मा जयंती. पण या संघटनेला सत्तेची सावली समजणाऱ्यांनी तिचा व्यवहारही पाहावा. वाजपेयी सरकारच्या कामगार-धोरणाविरुद्ध ती दिल्लीत रस्त्यावर आली होती. चार संहितांपैकी वेतन आणि सामाजिक सुरक्षेच्या संहितांचे तिने स्वागत केले, औद्योगिक संबंध आणि कार्यस्थितीच्या संहितांना मात्र आक्षेप घेतला. इतर मध्यवर्ती संघटनांनी ९ जुलै २०२५ला देशव्यापी संप पुकारला तेव्हा ती त्यात नव्हती.

या सगळ्यांच्या मधोमध एक माणूस उभा आहे ज्याच्याकडे या पुस्तकाने आवर्जून लक्ष वेधले आहे. रवींद्र वर्मा. गांधीवादी, वर्ध्याच्या गांधी विचार परिषदेशी दीर्घकाळ जोडलेले. जनता सरकारात ते कामगारमंत्री होते आणि १९७८ साली त्यांनी औद्योगिक संबंधांचे एक विधेयक आणले. युनियननी त्याला इतका कडाडून विरोध केला की ते बारगळले. पुढे १९९९ साली नेमलेल्या दुसऱ्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे तेच अध्यक्ष झाले, आणि कायद्यांची मोट बांधून मोजके गट करावेत ही जून २००२मधली शिफारस त्याच आयोगाची. आजच्या संहितांचे बीज तिथे आहे. त्याच अहवालात असंघटित कामगारांसाठी एका सर्वंकष कायद्याचा आग्रहही होता. सरकारांनी अहवालातले सोयीचे तेवढे उचलले असे वर्मांचे चाहते म्हणतात. टीकाकार म्हणतात, दार त्यांनीच उघडून दिले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

महाराष्ट्राचा रस्ता या काळात वेगळाच चालला होता, आणि विदर्भाचा त्याहून वेगळा. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत वर्धा जिल्हा आधी मध्य प्रांत-वऱ्हाडात आणि मग मध्य प्रदेशात. इथे नागपूरचा १९४७चा औद्योगिक तंटे निवारण कायदा चाले. मुंबईचा १९४६चा कायदा विदर्भात आला तो १९६०च्या दशकात. त्या कायद्याने एका उद्योगात एका भागापुरती एकच ‘प्रतिनिधी युनियन’ मानली. पंचवीस टक्के सभासद दाखवले की तो दर्जा मिळे, आणि मिळाला की तो हलवणे महाकठीण. त्याचे फळ मुंबईने १९८२ला पाहिले. १८ जानेवारीपासून अडीच लाख गिरणीकामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले, पण कायद्याच्या नजरेत बोलणी करण्याचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाचाच राहिला. कामगार एकीकडे आणि मान्यता दुसरीकडे. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही आणि गिरण्याही उरल्या नाहीत.

दुसरा कायदा १९७१चा, १९७५पासून लागू झालेला : कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध. कामगार आणि वकील त्याला ‘यूएलपी’ म्हणूनच ओळखतात. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत सहा महिने तीस टक्के सभासदत्व दाखवणारी युनियन औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळवू शकते. शिवाय मालकाच्या दांडगाईविरुद्ध कामगार एकटाही थेट कोर्टात जाऊ शकतो, सरकारने प्रकरण पाठवण्याची वाट बघावी लागत नाही. साध्या माणसाला हा कायदा जेवढा उपयोगी पडला तेवढा दुसरा क्वचितच. एक बारीक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी : संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस आणि मान्यताप्राप्त युनियनने संप करायचा तर सभासदांच्या बहुमताचा कौल, हेही याच कायद्याने आधीपासून मागितले होते. संहितेवर टीका करताना महाराष्ट्रात नोटीस प्रथमच आली असे लिहिणारे लेख मी पाहिले आहेत. ते बरोबर नाही.

मग नवे काय? औद्योगिक संबंध संहितेने अखेर देशभर मान्यतेची तरतूद केली. एकाहून जास्त युनियन असतील तर एक्कावन्न टक्के कामगार ज्या युनियनमागे, ती वाटाघाटी करणारी युनियन. तेवढे कोणाकडेच नसतील तर वीस टक्क्यांवरच्या युनियनचे मिळून वाटाघाटी मंडळ. आंबेडकरांनी मांडलेली गोष्ट ८२ वर्षांनी लागू झाली, असे म्हणायला हरकत नाही. ती फुकट मात्र मिळालेली नाही. पूर्वी केंद्रीय कायद्यात नोटिशीची सक्ती रेल्वे, पाणी, वीज अशा लोकोपयोगी सेवांपुरती होती. आता ती प्रत्येक उद्योगाला लागते. नोटिशीनंतर चौदा दिवस संप नाही, समेटाची बोलणी सुरू असताना आणि संपल्यावर सात दिवस नाही, न्यायाधिकरणात प्रकरण असेल तर निकालानंतरही साठ दिवस नाही. निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. बोलायला खुर्ची दिली आणि उठून जायचे दार अरुंद केले, असा हा सौदा आहे.

मालकांची बाजू या पुस्तकात एका लहान उद्योजकाने मांडली आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. डझनभर रजिस्टरे, वेगवेगळे इन्स्पेक्टर, प्रत्येक कायद्यात ‘वेतन’ या शब्दाची निराळी व्याख्या, हा जाच खरा होता. संहितेतला तीनशे कामगारांचा उंबरठाही सर्वस्वी नवा नाही. कारखाना बंद करायला किंवा कपात करायला सरकारची परवानगी घ्यावी, हे प्रकरण आणीबाणीत १९७६ला आले तेव्हा तो आकडा तीनशेच होता. शंभर तो नंतरच्या दुरुस्तीने झाला.

माझी शंका दुसऱ्या तीनशेबद्दल आहे, ज्यावर फारसे कोणी बोलत नाही. स्थायी आदेश म्हणजे कामाच्या जागेचे लेखी नियम : गैरवर्तन कशाला म्हणायचे, चौकशी कशी करायची, कायम कोणाला करायचे. महाराष्ट्रात ते पन्नास कामगारांपासून लागत. ‘दोनशे चाळीस दिवस भरले’ हे वाक्य आपल्याकडे गावोगाव ऐकू येते ते राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांमुळे. बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या बदली किंवा तात्पुरत्या कामगाराला कायम करावे असे ते सांगत. आता हा उंबरठा तीनशे आहे. वर्धा जिल्ह्यात तीनशेच्या वर माणसे एका हजेरीपटावर असलेल्या किती जागा निघतील? भुगावचा पोलाद कारखाना, पुलगावचा दारूगोळा डेपो, मोठी रुग्णालये, असे मोजता मोजता एका हाताची बोटे पुरतील की काय असे वाटते. उलट बाजूला मुदतीच्या नेमणुकीला आता कायदेशीर दर्जा आहे. त्या माणसाला वर्षभरात ग्रॅच्युइटी मिळते, नियुक्तीपत्र मिळते, आणि मुदत संपली की तो घरी जातो. ग्रॅच्युइटीचा लाभ खरा आहे. पण दर वर्षी ज्याची मुदत संपते तो युनियनचे पावतीपुस्तक हातात घेईल का, याचे उत्तर कुठल्याही कलमात नाही.

वर्ध्यासाठी आणखी एक गोष्ट खास महत्त्वाची. हे संस्थांचे गाव आहे : शिक्षणसंस्था, आश्रम, खादी-ग्रामोद्योग, सेवाग्राम आणि सावंगी मेघेची वैद्यकीय महाविद्यालये. १९७८च्या बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘उद्योग’ या शब्दाचा अर्थ इतका रुंद केला की रुग्णालये आणि शिक्षणसंस्थाही त्यात आल्या. शिक्षक नाही, पण शिपाई, वाहनचालक, सफाई कामगार आले. नव्या संहितेने धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवा करणाऱ्या संस्थांना या व्याख्येतून वगळले आहे. कोणती संस्था किती धर्मादाय हे आता एकेका प्रकरणात ठरेल. बोरगाव मेघेतून रोज या संस्थांत कामाला जाणाऱ्यांनी पुस्तकातला हा भाग आधी वाचावा.

कंत्राटी कामगारांचेही तसेच. महाराष्ट्राने उंबरठा वीसवरून पन्नास केला तो संहितेच्याही आधी, आणि संहितेनेही पन्नासच धरला. नोव्हेंबर २०१८मध्ये पुलगावजवळ सोनेगावच्या मैदानावर जुनी स्फोटके निकामी करताना स्फोट झाला आणि सहा माणसे गेली. त्यांत आसपासच्या गावांतले ठेकेदाराकडचे रोजंदार होते. अशा कामावर माणूस कोणाचा, असे विचारले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. संहिता मुख्य मालकावर काही जबाबदारी टाकते, पण पन्नासच्या खालच्या ठेकेदाराबद्दल बोलत नाही. जिनिंग-प्रेसिंगमधला हंगामी मजूर, बांधकामावरची रेजा, हमाल, हे बहुतेक याच खालच्या मजल्यावर राहतात. इमारत कामगारांच्या मंडळाकडे नोंदणी करायला नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि संघटनेची पहिली ओळख इथल्या मजुराला होते ती बरेचदा हा दाखला आणि भांड्यांचा संच मिळवून देणारी म्हणून. संघटनेचे हे रूप हिणवण्यासारखे नाही, पण त्यात मालक कुठेच नसतो.

आता बायकांबद्दल. जनगणनेची व्याख्या ज्यांना विचारत नाही त्या अंगणवाडीत आहेत, आशा म्हणून घरोघर फिरतात, शाळेत पोषण आहार शिजवतात. त्यांना पगार नाही, मानधन मिळते, आणि मानधन घेणारीला कामगार म्हणायचे की नाही यावर सरकार दशकानुदशके घोळ घालते आहे. एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू असल्याचा निकाल दिला. डिसेंबर २०२३पासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी महिनाभराहून जास्त काळ संप केला. कोणत्याही संहितेत त्यांच्या मान्यतेची सोय नव्हती. तरी सरकार त्यांच्याशी बोलले. राज्यातली अलीकडची सर्वांत टिकाऊ कामगार संघटना कायद्याच्या व्याख्येबाहेरच्या बायकांनी बांधली आहे, ही गोष्ट जुन्या युनियनवाल्यांना अजून नीट पचलेली नाही.

हे सगळे आत्ताच का वाचायचे? कारण राज्याच्या पातळीवर बदल थांबलेले नाहीत. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतला दिवसाचा कामाचा वेळ नऊवरून बारा तासांपर्यंत आणि दुकाने-आस्थापनांतला नऊवरून दहापर्यंत नेण्यास मंजुरी दिली; कारखान्यांतल्या तिमाही ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ केली. दुकानांचा कायदा दहाऐवजी वीस कामगारांपासून लावण्याचेही ठरले. आणि १९७१च्या यूएलपी कायद्याचे काय होणार? संहितांनी रद्द केले ते केंद्रीय कायदे, राज्याचे नव्हे. पण तीस टक्के आणि एक्कावन्न टक्के एका आस्थापनेत एकत्र कसे नांदतील, हे शेवटी कोर्टात सुटेल असेच दिसते. माथाडींच्या १९६९च्या कायद्याबद्दलही हीच धाकधूक आहे.

पुस्तकाबद्दल थोडे. यातले लेखक एका मताचे नाहीत. लाल बावट्यात वाढलेले आहेत, मजदूर संघात वाढलेले आहेत, मालक आहे, कामगार न्यायालयात उभे राहणारे वकील आहेत, आणि युनियनचे नाव काढले की वैतागणारी एक परिचारिकाही आहे. संपादकांनी त्यांच्यात समेट घडवून आणलेला नाही, हे मला बरे वाटले. एका लेखात जो मुद्दा ठामपणे मांडला आहे तो चार लेखांनंतर तितक्याच ठामपणे खोडलेला सापडेल. कलमे जिथे आली तिथे ती साध्या मराठीत सांगितली आहेत, म्हणून हे पुस्तक वकिलाची जागा घेईल असे कोणी समजू नये. शेतमजुरांचा प्रश्न बाहेर ठेवला आहे. जिल्ह्यातली सर्वांत मोठी कष्टकरी फळी तीच असल्याने ही उणीव डोळ्यांत भरते, पण तो विषय या आकाराच्या पुस्तकात कोंबला असता तर दोन्हींवर अन्याय झाला असता.

लेख क्रमानेच वाचले पाहिजेत असे नाही. वाचकाने आधी आपले नियुक्तीपत्र काढावे, आणि नसेल तर मागावे, कारण ते आता संहितेने सक्तीचे केले आहे. त्यावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे, संस्थेचे की ठेकेदाराचे, ते पाहावे. मग त्या नावाखाली हजेरीवर माणसे किती याचा अंदाज घ्यावा : वीसच्या आत, पन्नासच्या आत, तीनशेच्या आत की वर. पुस्तकाचे भाग याच उंबरठ्यांप्रमाणे लावले आहेत.